चाळीस सह्या

बाबा, तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी मी सचिव झाले. निवडून वगैरे आले नाही. वार्षिक सभेत नव्या सचिवाचा विषय निघाला, तेव्हा मी एका पेशंटचा फोन घ्यायला जिन्यात गेले होते. परत आले तर सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठीच होत्या हे मागाहून कळलं. अध्यक्ष म्हणाले, आपके पिताजी बाईस साल सचिव रहे, आपके तो खून में है. रक्तात काय काय असतं ते तुम्ही आणि मी दोघंही कॉलेजात शिकलो आहोत, त्यात सचिवपद कुठे नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि कुणीतरी समोशाची बशी पुढे केली. तेवढ्यावर ठराव संमत झाला. त्याला आता तीन वर्षं झाली.

हे तुम्हाला सांगायचं कारण असं की गेल्या महिन्यात तुमची शाखा माझ्या हातून बंद पडायला आली होती. ग्वाल्हेरच्या दंतवैद्यांची ही संघटना तुम्ही सात जणांनी मिळून काढली तेव्हा मी शाळेत होते. रविवारी सकाळी स्कूटरवर मागे बसून मी तुमच्याबरोबर फिरलेय. तुमच्या काखेत ते निळ्या कापडी बांधणीचं रजिस्टर असायचं. एका पानावर सभेची सूचना, खाली सगळ्या सदस्यांची नावं, आणि नावापुढे सहीची रिकामी जागा. फोनवर सांगितलेलं माणूस फोन ठेवता ठेवता विसरतो, असं तुमचं मत होतं. त्या वेळी रविवारी सकाळी निम्मं शहर दात दाखवायला बाहेर पडायचं, त्यामुळे दवाखाने भरलेले असत. बाहेरचा कंपाउंडर सांगायचा, डॉक्टर साहब बिजी हैं. मग तुम्ही शांतपणे नंबर लावायचात. नंबर आला की आत जाऊन थेट पेशंटच्या खुर्चीत बसायचात आणि आ करायचात. समोरचा डॉक्टर सवयीने आरसा घेऊन वाकायचा, आणि तुम्ही त्या उघड्या तोंडानेच सभेची वेळ सांगायचात. खुर्चीत बसलेल्या माणसाला आपल्या धंद्यात कुणी नंतर या म्हणत नाही, हे तुम्ही बरोबर हेरलं होतं. सही झाल्याशिवाय तुम्ही उठत नसायचात. त्यापायी महिन्यातून एकदा शहरातल्या प्रत्येक दंतवैद्याने तुमचे दात तपासले, आणि माझ्या एका दाढेबद्दल ग्वाल्हेरात अठ्ठावीस मतं आहेत, असं तुम्ही घरी येऊन आईला अभिमानाने सांगायचात.

या रजिस्टरपायी मीही बोलणी खाल्ली आहेत. पाटणकर बाजारातल्या आपल्या दवाखान्यात मी नुकती बसायला लागले होते, आणि संघटनेची सर्वांत नवी सदस्य होते. एका रविवारी सभा चुकवून मी मैत्रिणींबरोबर मेळ्यात गेले. दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती, मी ताटावर बसलेली, आणि तुम्ही टाइप केलेला कागद माझ्या वाटीला टेकवून उभा केलात. त्यात माझा उल्लेख 'आपण' असा होता आणि गैरहजेरीचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही. म्हणालात, "हे सचिव म्हणून देतोय. पोळी बाप म्हणून वाढेन." आणि खरंच, मी पोच म्हणून रजिस्टरात सही केल्यावर तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या पोळीवर तूप घातलंत. आई म्हणाली, या घरात कोण कोणाचं कोण आहे हे एकदा मलाही लिहून द्या. मी खुलाशात मेळ्याला गेले होते असं खरं लिहिलं, आणि तुम्ही तो पुढच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवलात. आजही काही म्हातारे सदस्य मला पाळण्यात बसलात का म्हणून विचारतात.

आता रजिस्टर नाही, ग्रुप आहे. एकशे वीस सदस्य मोबाइलवर एका ठिकाणी. तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही डोळे मिटून समाधानाने हात जोडले असते. मलाही आधी तसंच वाटलं होतं. रोज पहाटेपासून त्या ग्रुपवर गुलाबाची फुलं येतात, मग सूर्य येतो, मग गुडघेदुखीवर मेथीचा उपाय येतो, तोही दातांच्या डॉक्टरकडून दातांच्या डॉक्टरांना. त्यात मी सभेची सूचना टाकते. तिच्यावर तीन अंगठे येतात. अंगठा म्हणजे वाचलं असं नाही, अंगठा म्हणजे स्क्रीनवर बोट तिथून जात होतं, एवढंच. मागच्या वर्षी मी विचारलं, कौन कौन आएगा, तर अठ्ठावन्न जणांनी होकार दिला आणि सभेला नऊ आले. त्यातले दोघे खालच्या मजल्यावरच्या विमा ऑफिसचे होते. एकदा मी सदस्यांशी संवाद कसा साधावा याचं ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. दिल्लीचा एक तरुण मुलगा दोन तास सांगत होता की सदस्यांना काय हवंय ते आधी विचारा. मी विचारलं. चार उत्तरं आली. एकाला जेवण हवं होतं, एकाला हेच प्रश्न पीडीएफमध्ये हवे होते, एकाने गुड मॉर्निंग म्हटलं आणि चौथ्याने विचारलं, आप कौन.

अशा तीन सभा कोरमअभावी बुडाल्या. चाळीस सह्या लागतात, हा नियम तुमचाच. तो केलात तोवर सदस्य साठ झाले होते आणि पंचावन्न यायचे, म्हणून चाळीस तुम्हाला कमी वाटले होते. तिसरी सभा बुडाल्यावर प्रदेश कार्यालयाचं पत्र आलं. चौथीही बुडाली तर ग्वाल्हेरची शाखा बंद करून आपले सदस्य इंदूरला जोडणार. इंदूरला, बाबा. मी ते पत्र दवाखान्यात उभ्या उभ्या वाचलं आणि पहिल्यांदा मला तुमची भीती वाटली, इतक्या वर्षांनी, अगदी त्या ताटावर बसल्यासारखी. बंद पडायचीच तर कुणाच्याही हातून पडावी, तुमच्या मुलीच्या सहीने पडू नये, एवढं एकच माझ्या मनात होतं.

मग मला एक युक्ती सुचली. सभेत काकांचा सत्कार ठेवायचा. काका म्हणजे खासगी बाजार मोहल्ल्यातले तुमचे तेच, ज्यांच्याशी तुम्ही वीस वर्षं चहावरून भांडलात. चहा सभेनंतर द्यायचा म्हणजे लोक शेवटपर्यंत थांबतात, असं तुमचं म्हणणं. चहा आधी द्यायचा म्हणजे लोक मुळात येतात, असं त्यांचं. या एका मुद्द्यावर त्यांनी तुमच्याविरुद्ध पाच निवडणुका लढवल्या आणि पाचही हरले. काका आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. हात कापायला लागल्यावर त्यांनी दवाखाना सुनेकडे दिला. तीही दंतवैद्य, आपली सदस्य. शहरातल्या निम्म्या दंतवैद्यांना चिमटा कसा धरायचा हे काकांनी शिकवलंय, तर त्यांच्यासाठी तरी लोक येतील, असा माझा हिशोब होता. दिल्लीच्या मुलाने सांगितलं होतं की सूचनेबरोबर फोटो टाका, फोटो पाहून लोक थांबतात. मी तुमच्या कपाटातला जुना गठ्ठा काढला. बहुतेक फोटोंत काका तुमच्याशी वाद घालत होते नाहीतर काहीतरी खात होते. एकच बरा निघाला, शाखेच्या रौप्यमहोत्सवातला. कपाळाला टिळा, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार, हात जोडलेले, आणि मागे फोटोवाल्याने हौसेने लावलेला ढगांचा निळा पडदा.

शुक्रवारी सकाळी दहाला मी तो टाकला. खाली लिहिलं, आदरणीय डॉक्टर साहब, चौरासी वर्ष, दंत चिकित्सा को समर्पित एक जीवन. त्याच्याखाली सत्कार, सभा, रविवार, संध्याकाळी चार, इंदरगंजचं सभागृह, सगळं व्यवस्थित होतं. पण मजकूर लांब झाला की फोन उरलेला भाग झाकून ठेवतो आणि 'और पढ़ें' एवढे दोन शब्द दाखवतो. त्यांवर बोट ठेवायचे कष्ट एकशे वीसपैकी कुणीही घेतले नाहीत. चारच मिनिटांत पहिला निरोप आला, ॐ शांति. मग दुसरा. मग हात जोडलेल्यांची रांगच लागली. अध्यक्ष नातवाच्या मुंजीला पुण्याला गेले होते, त्यांनी तिथून अपूरणीय क्षति असं कळवलं. कुणी विचारलं, अंतिम यात्रा कितने बजे, तर सूचनेची शेवटची ओळ कुठूनशी दिसलेल्या एकाने सांगून टाकलं, रविवार चार बजे. शुक्रवारी गेलेल्या माणसाला रविवारी का नेतात, असा प्रश्न एकाला पडला. दुसऱ्याने परस्पर खुलासा केला की मुलगा अमेरिकेहून येत असेल. काकांचा मुलगा काकांजवळच राहतो. दोन तासांत त्रेसष्ट जणांनी श्रद्धांजली वाहिली. त्यातली एकेचाळिसावी काकांच्या सुनेची होती. सकाळी सासऱ्यांना उपमा देऊन ती दवाखान्यात आली होती, पेशंटच्या तोंडात कापूस ठेवून तिने फोन पाहिला, सगळे लिहीत आहेत म्हणून तिनेही लिहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

बारा वाजता मी खुलासा टाकला. डॉक्टर साहब सकुशल हैं, कृपया पूरी सूचना पढ़ें. त्यावर एक अंगठा आला आणि खाली आणखी चार ॐ शांति. पाच मिनिटांनी सुनेचा फोन आला. ती आधी रडली, मग हसायला लागली, मग परत रडली. "ताई, मी स्वतः वाढलं होतं न त्यांना सकाळी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोन तास तुम्ही कुठे होतात, असंही तिने विचारलं. मी रूट कॅनाल करत होते असं सांगितलं. नंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला तेच सांगितलं.

शनिवारी मी तोंड धुवून, म्हणजे लाज धुवून, खासगी बाजारात गेले. काका बैठकीत बसून सुनेच्या फोनवर एक एक श्रद्धांजली चष्मा वर करून वाचत होते. मी पाया पडले आणि माफी मागितली. ते म्हणाले, थांब, अजून बावीस राहिलेत. सगळ्या वाचून झाल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, पण ते चिडले नव्हते. मी म्हटलं, काका, मी एकेकाला फोन करून सांगते, कुणी उगाच इथे येणार नाही.

"कशाला परेशान होतेस," ते म्हणाले. "दहा वर्षांत ही पायरी चढलं कोण? तू पण दिवाळीला फोनच करतेस न. आता येऊन राहिलेत तर येऊ दे. मी घरातच आहे."

आणि सभेचं काय, मी विचारलं. तर म्हणाले की तुझी सभा तू घे. जे वाचतात ते तुझ्याकडे येतील, जे वाचत नाहीत ते माझ्याकडे.  मी निघाले तेव्हा म्हणाले, "तुझा बाप गेला तेव्हा सगळ्यात आधी मी पोचलो होतो. लक्षात आहे तुझ्या?" माझ्या लक्षात नव्हतं, बाबा. त्या दिवशीचं मला काहीच आठवत नाही, फक्त जिन्यात खूप चपला होत्या. मी हो म्हटलं.

रविवारी चार वाजता इंदरगंजच्या सभागृहात आम्ही सहा जण होतो आणि साठ समोसे होते. सव्वाचार झाले. मी तुमचं जुनं रजिस्टर काढून नवं पान आखून आणलं होतं, कशासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही. सहा सह्यांखाली चौतीस रिकाम्या ओळी होत्या. प्रदेश कार्यालयाला काय लिहायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती, आणि प्रत्येक वाक्य तुम्ही खोडून परत करत होतात. तेवढ्यात फोन वाजला. काका होते. पलीकडे खूप गलका होता. त्यांनी विचारलं, "किती आहेत तुझ्याकडे?" मी सहा म्हणाले. "माझ्याकडे सदतीस," ते म्हणाले. "तुझा कोरम इथे बसलाय. रजिस्टर घेऊन ये." सभा गावातल्या कुठल्याही सदस्याच्या घरी घेता येते, हे घटनेतलं कलम त्यांना तोंडपाठ होतं. ती घटना तुम्ही आणि ते मिळून लिहीत होतात तेव्हा संघटनेला जागाच नव्हती. मी विचारलं की काका, पण लोक बसतील का. ते म्हणाले, बसलेलेच आहेत.

आम्ही सहा जण समोशांसकट दोन गाड्यांतून निघालो. खासगी बाजाराच्या गल्लीत पांढऱ्या कपड्यांतले दंतवैद्य पायरीपर्यंत उभे होते. आत काय घडलं ते मला सुनेकडून कळलं. पहिले आले ते मुरारचे एक डॉक्टर, मोठा हार घेऊन, मान खाली घालून. बैठकीत वर पाहिलं तर काका इस्त्रीचा कुर्ता घालून समोर बसलेले. त्यांच्या हातातून हार सुटायला आला. काका म्हणाले, "आओ, माला लाए हो तो पहना दो." मग जो येईल तो दारात थबकायचा, हार घालायचा आणि बसायचा. परत जाणार कसा, मागून पुढचा येत होता. मी पोचले तेव्हा काकांच्या गळ्यात इतके हार होते की हनुवटी दिसत नव्हती, आणि सून प्रत्येकाच्या हातात चहाचा कप देत होती. काकांनी गर्दीतून मला शोधून काढलं, कपाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बघितलंस? आधी." त्यांना इतका आनंद मी आजवर कधी झालेला पाहिला नव्हता. बाबा, हा मुद्दा तुम्ही आता सोडून द्यावा असं मला वाटतं.

सभा झाली. पुण्याहून दुपारीच पोचलेले अध्यक्ष शोकसभेचं भाषण कागदावर लिहून घेऊन आले होते. दुसरं भाषण त्यांच्याजवळ नव्हतं, म्हणून त्यांनी तेच वाचलं, फक्त जिथे जिथे 'थे' होतं तिथे 'हैं' करत. दोन ठिकाणी विसरले. तिथे काकांनी स्वतः दुरुस्ती सांगितली. शाखा चालू ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मग रजिस्टर फिरलं आणि चव्वेचाळीस सह्या झाल्या. काकांचा हात इतका कापत होता की त्यांची सही दोन ओळींवर पसरली, तरी त्यांनी सुनेला हात धरू दिला नाही. तरुण मुलांपैकी कित्येकांनी असं कागदावर सही करायचं रजिस्टर पहिल्यांदाच पाहिलं. ते मागची पानं उलटून आपापल्या वडिलांच्या, सरांच्या सह्या शोधत बसले, आणि सात वाजले तरी कुणी उठेना. इतिवृत्तात सभेची जागा बदलण्याचं कारण मी 'सदस्यांच्या सोयीसाठी' असं लिहिलंय. तुम्ही असतात तर लाल शाईने खाली रेघ मारून खुलासा मागितला असता.

तो खुलासा हा आहे. प्रदेश कार्यालयाला किंवा काकांना हा देता येणार नाही, आणि जिथे द्यायला हवा तिथला पत्ता माझ्याजवळ नाही. शुक्रवारी मी रूट कॅनाल करत नव्हते. खुर्ची रिकामी होती. पहिला ॐ शांति मी त्याच मिनिटाला पाहिला, आणि दोन ओळी लिहून तो तिथेच थांबवता आला असता. मी नाही थांबवला. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला उत्तर देत होतं, हे एक. पण नुसतं तेवढं नव्हतं. थोड्या वेळाने लोक लांब लांब लिहायला लागले. एकाने लिहिलं, पहिल्या दिवशी माझा हात थरथरत होता तेव्हा त्यांनी मागून येऊन मनगट धरलं. एकीने लिहिलं, परक्या शहरातून आले होते, दवाखान्याला जागा त्यांनी मिळवून दिली. एकाने लिहिलं, रागवायचे फार, पण रागावून झालं की घरी जेवायला न्यायचे. तुम्ही गेलात तेव्हा असा ग्रुप नव्हता, बाबा. लोक आले, हात जोडून बसले, गेले, आणि मला एक शब्दही आठवत नाही. म्हणून मी दोन तास दवाखान्याचं दार लावून बसले होते, आणि काकांच्या फोटोवर अंगठा ठेवून, चेहरा झाकून, ते सगळं तुमच्याबद्दल लिहिलंय असं समजून वाचत होते.